वाफा आणि वही

वसतिगृहामागील मोकळ्या जागेत विद्यार्थ्यांनी भाजीपाल्याचे वाफे करावेत, असा विचार आम्ही पालकसभेत मांडला. तेव्हा एका पालकांनी विचारले, "सर, आमच्या आज्याने दुसऱ्याचे रान खोदले, बापाने खोदले. आता नातवानेही खोदायचेच का?" सभा स्तब्ध झाली. या प्रश्नामागे पिढ्यांचा इतिहास होता. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

प्रथम ही पद्धत समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे माळी घोड्यांच्या लिदीचे खत घालून लहानशा जागेत दाट भाजी पिकवीत. त्यांची रीत अ‍ॅलन चॅडविक या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने कॅलिफोर्नियात रुजविली. जॉन जेव्हन्स यांनी तिला मोजमापाची शिस्त दिली आणि १९७४ साली त्यावर पुस्तक लिहिले. हीच बायोइंटेन्सिव्ह, म्हणजे सघन जैविक लागवड. वाफा साधारण शंभर चौरस फुटांचा असतो. वरची फूटभर माती बाजूला सारून खालची फूटभर माती भुसभुशीत करायची. मग वाफ्यात पाय ठेवायचा नाही. रोपे तिरप्या ओळींत अशी लावायची की वाढल्यावर पानाला पान भिडावे, मातीवर सावली राहावी आणि ओल टिकावी. बियाणे घरचे. कंपोस्टचा काडीकचराही शक्यतो त्याच जमिनीतला. म्हणून बरीचशी जागा धान्य आणि धाटे दोन्ही देणाऱ्या पिकांना द्यायची. आपल्याकडे ज्वारी हे काम करील. आपल्या काळ्या जमिनीत मात्र खोदाई वाफसा आल्यावरच करावी. चिखलात केली तर ढेकळे होतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. वाटा सोडूनही त्यात सहा-सात वाफे बसतात.

परंतु एवढ्याने दारिद्र्य हटेल, असे आम्ही म्हणणार नाही. पहिली खोदाई अंग मोडणारी असते. बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, शेती किफायतशीर आहे की नाही हे केवळ क्षेत्रावरून ठरत नाही. श्रम व भांडवल यांच्याशी तिचे प्रमाण पाहावे लागते. शेतीवर अतिरिक्त माणसांचा भार आहे आणि त्यावर औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून वाफा हा शिक्षणाला पर्याय नव्हे. आमच्या मुलींनी व मुलांनी प्रयोगशाळेत, न्यायालयात, विद्यापीठात जावे, हाच आमचा आग्रह आहे.

मग वाफा कशासाठी? वतनाच्या तुकड्यापायी समाज वेठीस धरला जातो, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. या दोन्ही गोष्टी एकाच चळवळीच्या आहेत. आपला लढा वेठीविरुद्ध होता. मातीवरचा हक्क आपण कधीच सोडला नाही. आज अनेक कुटुंबांकडे एखादा एकर आहे, कोणाकडे केवळ घरामागची जागा. ती पडीक ठेवणे किंवा कर्ज काढून खते-औषधांवर उडवणे, यांखेरीज तिसरी वाट मुलांना ठाऊक असावी.

मात्र आमच्या तीन अटी आहेत. खोदाई ही कधीही शिक्षा असणार नाही. शेणखत व कचरा हाताळण्याची पाळी शिक्षकांसह सर्वांना येईल. या देशात हे काम जन्मावरून लादले गेले, ते निदान आपल्या आवारात तरी कोणा एकाच्या वाट्याला जाऊ नये. आणि प्रत्येक वाफ्याची वही असेल. तीत पाणी किती दिले, तास किती गेले, भाजी किती किलो निघाली, हे विद्यार्थीच लिहितील. तोटा झाला तर तोही लिहितील. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. आमच्या पद्धतीलाही हीच कसोटी लागू आहे.

त्या पालकांना आमचे उत्तर एवढेच: आपल्या आज्याने खोदले, तेव्हा जमीन, पीक आणि हिशेब तिन्ही दुसऱ्याचे होते. नातू खोदील तेव्हा पीक त्याच्या ताटात येईल आणि हिशेबाची वही त्याच्या हातात असेल. ती वही पाहण्यास आपण अवश्य यावे.