घरातल्या मापाला शिक्का कोणाचा?

किराणा दुकानाच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर दुकानदार दंडास पात्र ठरतो. पावशेर डाळीत ग्राहक नागवला जाऊ नये, ही जबाबदारी शासनाने स्वीकारली आहे. परंतु ज्या आकड्यावर मधुमेही माणूस इन्सुलिनची मात्रा ठरवितो, तो आकडा दाखविणारे ग्लुकोमीटर एकदा घरात आले की त्याचे माप पुन्हा तपासण्याचे बंधन कोणावरच नाही.

हे यंत्र मुळातच अंदाजाचे आहे. 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर 100 मिलिग्रॅम वा त्याहून अधिक असता 100 पैकी 95 मोजण्या 15 टक्क्यांच्या आत असल्या की पुरे. म्हणजे खरी साखर 200 असता 170 आणि 230 हे दोन्ही आकडे नियमात बसतात. याहून मोठी तफावत बहुधा हाताळणीतून येते. आंबा खाऊन न धुतलेले बोट, उघडी राहिलेली डबी, मुदत संपलेल्या पट्ट्या, ही तिची नेहमीची कारणे. बहुतेक पट्ट्या 30 अंशांखाली ठेवावयाच्या असतात. शहादा-तळोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे पत्र्याच्या घरात त्या कोठे ठेवाव्यात हे विकणारा सहसा सांगत नाही.

तथापि नंदुरबार जिल्ह्यातील खरा प्रश्न रक्तक्षयाचा आहे. रक्तातील तांबड्या पेशी कमी असल्या की यंत्र साखर वास्तवापेक्षा अधिक दाखविते. तीव्र रक्तक्षयात ती 60 वर उतरलेली असताना आकडा 75 दिसू शकतो, आणि घाम फुटलेल्या, थरथरणाऱ्या रुग्णाला साखर देण्याचे कोणास सुचत नाही. अशा वेळी लक्षणांवर विश्वास ठेवून आधी साखर द्यावी. भिल्ल व पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तर तांबड्या पेशी 120 दिवसांऐवजी अवघे दोन-तीन आठवडे जगतात. त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणीही खोटी उतरते, आणि तीही उलट दिशेने, कमी! एक माप वर चुकते, दुसरे खाली. डॉक्टरांनी कोणते प्रमाण मानावे?

यंत्र स्वस्त, पट्ट्या महाग, असा हा व्यवहार आहे. (शाई विकण्यासाठी छपाईयंत्र स्वस्तात देणाऱ्यांचीच ही रीत.) पट्टी जपून वापरणारे कुटुंब यंत्राची परीक्षा घेण्यासाठी ती खर्च करणार नाही, हे उघड आहे. म्हणून पुढाकार ग्रामीण रुग्णालयांनी घ्यावा. उपाशीपोटी शिरेतून रक्त घेतेवेळीच रुग्णाच्या स्वतःच्या यंत्रावर बोटाचे रक्त मोजावे, आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहावेत. फरक 15 टक्क्यांहून अधिक निघाला तर प्रथम नवी पट्टी, मग नवे यंत्र. खर्च एका पट्टीचा.

2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी झालेल्यांना कार्ड दिले जाते. रुग्णांच्या कार्डावर साखरेच्या या दोन चाचण्यांविषयी सूचनेची एक ओळ छापण्यास फारसा खर्च येऊ नये.