ताप उलटला, औषध हरले नाही



‘हिवतापाच्या गोळ्या निकामी’ हे पत्र वाचले. दोन महिन्यांत पुन्हा हुडहुडी भरली म्हणून पत्रलेखकांनी क्लोरोक्विनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. रक्तात व्हायवॅक्स निघाल्याचे तेच लिहितात. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडी मारून बसतात, क्लोरोक्विनचा त्यांच्यावर परिणामच होत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. ती घेतली होती का, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही.

बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेण्यात माझी नोकरी सरली. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस रोवणीला जातो आणि प्रायमाक्विनची उरलेली पाकिटे छपराच्या वाशात खोचलेली सापडतात! (गरोदर बाईला मात्र ही गोळी देत नाहीत.)

औषधाला न जुमानणारा हिवताप खोटा नाही. फाल्सिपेरमवर क्लोरोक्विन चालेनासे झाल्याचे आसामात १९७३ मध्येच दिसले. पुढे ईशान्येत आर्टेसुनेटची जोडगोळीही लंगडी पडली, तेव्हा २०१३ मध्ये तिथे आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन आणावे लागले. पण तो जंतू वेगळा. पत्रलेखकांनी आधी पाकीट शोधावे.

— एक निवृत्त आरोग्य कर्मचारी, गडचिरोली