'हुकूमशहा' कोण घडवितो?

'हुकूमशहा' या शब्दात अरबी 'हुकूम' व फारसी 'शहा' एकत्र आले आहेत. ज्याची आज्ञा हाच कायदा, तो हुकूमशहा! रोमचा 'डिक्टेटर' मात्र मूळचा कायद्याने नेमलेला, फार तर सहा महिन्यांचा अधिकारी. इ. स. पूर्व ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. मुदत गेली आणि पाठोपाठ प्रजासत्ताकही गेले.

राजकारणातील भक्ती अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले. पनवेलच्या कोर्टात आम्ही वकील मुखत्यारपत्रे नित्य पाहतो. ती रद्द करण्याचा हक्क सामान्यतः लिहून देणाराच राखतो. बंधूंनो, मत हेही मुदतीचे मुखत्यारपत्रच आहे. पुढाऱ्याच्या पायी मस्तक ठेवणारा त्याचे दानपत्र करतो. शहा जन्मत नाही. हुकूम निमूट झेलणारेच त्याला घडवितात!