फॉर्मॅट मारण्याआधी...

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये कुणाचाही पीसी अडला की एकच औषध: "फॉर्मॅट मार!" आणि हे औषध सर्वांत जास्त वाटणारी डॉक्टर मीच. त्यामुळे हा लेख म्हणजे थोडी कबुलीसुद्धा आहे. (कॉन्व्हेंटवाली आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

मागच्या सेमिस्टरला रूममेटने थंडरबर्ड उघडलं की तिच्या पीसीचा पंखा घरघरायचा, माऊस अडखळायचा. मी काहीही न तपासता निदान केलं आणि एका संध्याकाळी सगळं फॉर्मॅट. मशीन एकदम सुसाट! दोन दिवसांनी तिने विचारलं, "माझ्या आजोबांचे मेल कुठे गेले गं?" ते पॉपने उतरवलेले, सर्व्हरवर प्रत नाही. आजोबाही आता नाहीत. ती मला काहीच बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात माझ्याच मशीनवर तेच सुरू झालं. या वेळी मात्र आधी टास्क मॅनेजर उघडला. थंडरबर्डचा सीपीयू २५ टक्के. चार कोअरच्या प्रोसेसरवर याचा अर्थ साधारण एक अख्खा कोअर गुंतलाय. मग टूल्समधला ॲक्टिव्हिटी मॅनेजर पाहिला, तर इंडेक्सिंग चालू! सगळ्या मेलमध्ये एकदम शोधायची सोय २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. त्यासाठी प्रत्येक मेलची सूची बनते, आणि मी नुकतेच फर्स्ट इयरपासूनचे मेल आत भरले होते. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी सगळं शांत. बिघाड नव्हताच.

थांबूनही भागलं नाही, तर आधी प्रोफाईल फोल्डरची कॉपी घ्या, मग एका वेळी एकच गोष्ट बदला. हेल्पमधून ट्रबलशूट मोड लावून पाहा. फरक पडला तर दोष बहुधा ॲड-ऑनचा. डिलीट केलेले मेल फोल्डरच्या फाईलमध्ये पडून राहतात आणि अशी फुगलेली फाईल ॲंटिव्हायरस पुन्हा पुन्हा तपासत बसू शकतो, म्हणून फोल्डर कॉम्पॅक्ट करा.

लॅबमध्ये रीडिंग न घेता सर्किट मोडलं तर सर जर्नलवर सही करतील का? मग हॉस्टेलवर आल्यावर आपण इंजिनिअर राहत नाही का? फॉर्मॅटने त्रास जातो, पण कारण कळत नाही. रूममेटच्या पीसीला काय झालं होतं, हे आता कधीच कळणार नाही.

तेव्हा ज्युनिअर्स, पुढच्या वेळी कुणी "फॉर्मॅट मार" म्हटलं तर आधी टास्क मॅनेजर उघडा. आणि म्हणणारी मीच असेन, तर मला हा लेख दाखवा!