झाकलेले दुखणे

मद्य सप्तव्यसनांत गणले जाते. म्हणूनच आपल्या समाजात घरातील कोणी पिऊ लागला की पहिली धडपड असते ती झाकण्याची. पत्नी पेढीवर ‘प्रकृती बरी नाही’ असा निरोप धाडते, वडील उधारी गुपचूप फेडतात. त्याने व्यसन सुटत नाही. पिणाऱ्याची सोय तेवढी होते.

अशा कुटुंबीयांसाठी लोइस विल्सन यांनी एका मैत्रिणीसह १९५१ मध्ये अमेरिकेत ‘अल-अनॉन’ उभारले. सभेला शुल्क नाही, आडनाव विचारत नाहीत, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. पिणारा सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही. व्यसन आपण लावले नाही, आपल्या धाकाने ते सुटणारही नाही, हे तेथे उमगते. खोटा निरोप थांबवणे मात्र आपल्या हाती असते. पेठेत पत सांभाळणाऱ्या घरांना नेमके हेच जड जाते. पुण्यात मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे.