मोजायचेच तर दोघांचे मोजा

लग्नाला दोन वर्षे झाली आणि गोड बातमी आली नाही, की सल्ल्यांना ऊत येतो. पपई बंद, अननस बंद आणि आता चहा-कॉफीही बंद. ‘चहाने उष्णता वाढते’ हे पूर्वी घरातल्या बायका सांगायच्या. आता तेच मोबाइलवरचे रील ‘कॅफीन’चे नाव घेऊन सांगतात. हे सल्ले बहुधा सुनेसाठीच असतात. मुलाचे शनिवारी मित्रांबरोबर ‘बसणे’ मात्र ठरल्याप्रमाणे पार पडते. पुराव्यांकडे पाहिले तर हा सारा हिशेब उलटा आहे. बेताच्या चहाला दोष देण्यासारखे फार काही हाती लागत नाही, दारूविरुद्ध मात्र लागते, आणि तो ठपका पुरुषाच्या ग्लासवरही येतो.

कॅफीनबद्दलची भीती अगदीच निराधार नव्हती. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये १०४ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला एक कप कॉफीपेक्षा जास्त कॅफीन घेणाऱ्यांना दर महिन्यात दिवस राहण्याची शक्यता निम्मीच असते, असे त्यात दिसले. पुढे डेन्मार्कमध्ये हजारो स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा असा ठळक संबंध आढळला नाही. शंका उरली ती भरपूर कॅफीन आणि गर्भपात किंवा बाळाचे कमी वजन यांच्या नात्याबद्दल. म्हणून गरोदरपणी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा अनेक देशांत सांगितली जाते, आणि मूल हवे असणाऱ्यांनीही तीच धरावी. आता आपल्या कपाकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५, तर तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे सकाळ-संध्याकाळचा कप आणि मधले एखादे कटिंग घेऊनही बाई मर्यादेच्या आतच राहते. चहाबद्दल खरी तक्रार वेगळी आहे. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून चहा सोडण्यापेक्षा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तो टाळणे जास्त मोलाचे.

दारूचे तसे नाही. २०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने सहा हजारांहून अधिक डॅनिश स्त्रियांचा अभ्यास छापला. आठवड्याला १४ किंवा जास्त पेग घेणाऱ्यांमध्ये दर महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी कमी होती. त्याखाली विशेष फरक नव्हता. मग थोडी घेतली तर काय बिघडले, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पण गर्भ राहणे आणि तो नीट वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच मिटते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत यातला बराच काळ सरलेला असतो. गरोदरपणात अमुक इतकी दारू चालते, असे कोणतीही जबाबदार आरोग्य संस्था सांगत नाही. तेव्हा प्रयत्न सुरू केले त्याच दिवशी ग्लास बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

आता पुरुषांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण एक टक्काही नाही. तरी पथ्य तिलाच. डेन्मार्कमधल्या १,२२१ तरुणांच्या तपासणीत, आठवड्याला पाच युनिटच्या पुढे पिणाऱ्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि प्रत घसरू लागल्याचे दिसले. २५ युनिटच्या पुढे घसरण ठळक होती. तिथे १२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. आपल्याकडच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे आठवड्याची पाच युनिटे एकाच बैठकीत संपतात. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे खरे. पण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आज सोडलेल्या दारूचा फायदा व्हायचा तर तो तीन महिन्यांनी दिसेल. सिगारेट आणि तंबाखूलाही हाच न्याय लावायला हवा.

‘रोज पिणाऱ्यांनाही चार-चार मुले होतात’ हे उत्तर ठरलेले असते. होतात, कारण दारू शक्यता घटवते, दार बंद करत नाही. ज्यांच्या वाट्याला मुळात शक्यता कमी आली आहे, त्यांना ही घट परवडत नाही. दुसरा आक्षेप अधिक समंजस आहे: खबरदारी म्हणून तिने चहाही सोडला तर नुकसान काय? तिने आपणहून सोडला तर काहीच नाही. पण विनाकारण लादलेल्या प्रत्येक बंदीमागून एक आरोप येतो. पाळी आली की ‘तू कप घेतला होतास ना’ असे ऐकावे लागते, आणि खऱ्या कारणाचा शोध लांबतो. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. तरी साधी, स्वस्त वीर्यतपासणी अनेक घरांत सर्वांत शेवटी होते.

म्हणून नियम करायचेच तर दोघांसाठी एकच यादी करावी. चहा-कॉफी बेताने, दारू आणि तंबाखू दोघांनीही बंद, आणि तिच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक अ‍ॅसिड. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा तिचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, डॉक्टरांकडे दोघांनी बरोबर जावे. आणि पहिल्याच भेटीत त्याने आपल्या तपासणीची चिठ्ठी स्वतःहून मागून घ्यावी.