केबल वरून धड, आतून पोखरलेली



जमिनीखालच्या केबलींची तपासणी किंवा बदली असा खर्च मांडला की सभेत कोणीतरी हमखास उठतो, "चालतीय की केबल, मग उकरता कशापायी?" प्रश्न रास्त आहे. पैसा आपल्या उसाचाच. पण ऐन हंगामात केबल उडाली, गाळप थांबले आणि तोडलेला ऊस गाड्यांवर वाळत पडला, तर उतारा घटतो तोही आपलाच.

११ केव्हीच्या केबलीत तारेभोवती एक्सएलपीई, म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या पॉलिथीनचे आवरण असते. जाडी जेमतेम साडेतीन मिलिमीटर. तेवढ्यावर मिलिमीटरमागे सरासरी १८०० व्होल्टच्या आसपास ताण, रात्रंदिवस. शुद्ध पॉलिथीनला हा ताण किरकोळ आहे, ते याच्या कितीतरी पट सोसते.

घात होतो तो ओलीने. विजेचा ताण आणि ओल एकत्र आली की आवरणात झाडासारख्या फांद्या फुटतात. इंजिनिअर मंडळी त्याला चक्क 'पाण्याचे झाड' म्हणतात. वाढ अगदी सावकाश, वर्षानुवर्षांची. आवाज नाही, वास नाही, वीज व्यवस्थित चालू. हुमणी लागलेला ऊस जसा मुळ्या खाऊन होईपर्यंत हिरवागार दिसतो, तशातली गत. शेवटी त्या फांदीच्या टोकाशी ताण एकवटतो, तिथून खरी विजेची वाट फुटते, आणि मग फार वेळ लागत नाही. जोडकामात हवेची पोकळी राहिली तर तऱ्हा वेगळी. पोकळीत ताण जास्त येतो आणि हवेची सोसण्याची ताकद कमी, म्हणून आत बारीक ठिणग्या पडून भिंत जळत जाते.

ही पाण्याची झाडे १९६९ साली जपानमध्ये उजेडात आली. अमेरिकेत त्या सुमारास पुरलेल्या पुष्कळ केबलींवर बाहेरचे संरक्षक वेष्टनच नव्हते. तीस-चाळीस वर्षे टिकतील म्हणून घातलेल्या केबली कितीतरी आधीच गेल्या. पुढे वेष्टन आले, वाफेऐवजी कोरड्या पद्धतीने पॉलिथीन पक्के करू लागले, झाड वाढू न देणारे मिश्रणही निघाले. माल सुधारला. पण चर पाण्याने तुंबलेला आणि कापलेली टोके पावसात उघडी, असे असेल तर चांगला माल तरी काय करणार?

माझे म्हणणे एवढेच, की तपासणी हंगाम संपल्यावर व्हावी आणि योग्य पद्धतीने व्हावी. कागदी केबलींच्या काळातली डीसी दाबाची चाचणी जुन्या एक्सएलपीईवर करू नये. तिने आवरणात विद्युतभार अडकून राहतो. केबल चाचणीत पास होते आणि पुन्हा चालू केल्यावर जाते. त्याऐवजी ०.१ हर्ट्झची चाचणी आणि टॅन डेल्टा मोजणी घ्यावी. ठेकेदाराचे कमी दराचे टेंडर मंजूर करण्याआधी संचालकांनी विचारावे, चाचणी कोणती? स्वस्त म्हणून डीसी नको.

आणि बदललेली जुनी केबल थेट भंगारात घालू नका. तिच्या आवरणाच्या पातळ चकत्या काढून मिथिलीन ब्लूमध्ये रंगवल्या की सूक्ष्मदर्शकाखाली ही झाडे निळी दिसतात. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाच्या दारात एक टेबल मांडा. "उकरता कशापायी" म्हणणाऱ्यांनी आधी तिथे डोळा लावून आत यावे.

— एक सभासद